आले ते पुढे गेले का?



देवरीच्या बसस्थानकाजवळ चहा घेताना एक वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे. "बाहेरून आले ते पुढे गेले, आपण होतो तिथंच राहिलो." बोलणारा कधी हायवेवरच्या ढाब्याकडे बोट दाखवतो, कधी कापडाच्या मोठ्या दुकानाकडे, तर कधी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या बंगाली वसाहतींचं नाव घेतो. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, पण हे वाक्य खरं की खोटं ते मला अजून एका शब्दात सांगता येत नाही. आधी मोजायचं काय, हेच ठरवावं लागतं. आज त्याविषयीच बोलतो.

सुरुवात 'बाहेरचा' या शब्दापासून करू. जनगणनेत जन्मस्थळ विचारतात. मोजणी होते त्या गावापेक्षा जन्माचं गाव वेगळं असेल, तर माणूस स्थलांतरित. या हिशेबानं पाहिलं तर आपल्याकडे सगळ्यांत जास्त स्थलांतरित कोण निघतात? आपल्या सुना! 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 45 कोटी लोक स्थलांतरित निघाले आणि त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा सर्वांत मोठा होता. माझी आई बालाघाटकडची. साठ वर्षं तिनं या घरात चूल पेटवली, आणि जनगणनेच्या तक्त्यात ती शेवटपर्यंत बाहेरून आलेलीच राहिली.

आता याच्या उलट बाजू बघा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना 1960 नंतरच्या काळात तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात वसवलं गेलं. अरुणनगर ही त्यांतलीच वसाहत. तिथली नातवंडं इथंच जन्मली, इथल्या शाळेत मराठी शिकली. जन्मस्थळ विचारलं तर ती पक्की इथलीच. म्हणजे ज्यांना गाव 'बाहेरचे' म्हणतं ते आकड्यांत मूळचे ठरतात, आणि आपली आई बाहेरची ठरते. आणखी मागं गेलं तर गोंड आणि हलबा समाजासमोर 'आम्ही मूळचे' असं म्हणायला आपल्यातल्या बऱ्याच जणांची जीभ अडखळेल. कोहळी समाज आला तो तलाव बांधण्याचं कसब घेऊन. नवेगावबांधच्या तलावाशी आजही कोलू पाटील कोहळी यांचं नाव जोडलेलं आहे. पोवार आपलं मूळ माळव्यात सांगतात. अधिवासाच्या दाखल्याला सरकार 15 वर्षांचा रहिवास मागतं. चहाच्या टपरीवर मात्र तीन पिढ्याही पुरत नाहीत.

दुसरा प्रश्न घराचा. पाहणी करणारे घर ओळखतात ते चुलीवरून. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. वेगळी चूल मांडली की कुटुंब वेगळं, मग शेत सामायिक असलं तरी चालतं. समजा, एका घरात नऊ माणसं आहेत आणि महिन्याला 24,000 रुपये येतात. शेजारच्या घरात चार माणसं आणि 20,000 रुपये. घरावरून पाहिलं तर पहिलं घर वरचढ. आता माणसांनी भागा. पहिल्या घरात डोई 2,700 रुपयेसुद्धा येत नाहीत, दुसऱ्यात 5,000 येतात. पण नऊ जणांना नऊ चुली लागत नाहीत, दिवा सगळ्यांना एकच पुरतो. म्हणून जगभरचे अभ्यासक माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घेऊन त्यानं भागतात. नवाचं वर्गमूळ तीन, चाराचं दोन. मग पहिलं घर 8,000 वर येतं आणि दुसरं 10,000 वर. स्थलांतरितांची घरं पुष्कळ ठिकाणी मोठी असतात, जागा पुरेना झाली तरी भाऊ एकत्र राहतात. बाहेरून त्या घराची आवक डोळ्यांत भरते. ताटं कुणी मोजत नाही.

सगळ्यांत कठीण आहे ते खुद्द उत्पन्न. चिचगडच्या बाजूला एका गोंड घरात मी एकदा विचारलं होतं, "बाई, वर्षाला किती मिळतं?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही जी. पैसा कुठं दिसतो हाताला?" मग आम्ही ओसरीवर बसून एकेक महिना घेतला. उन्हाळा लागताना मोहफूल वेचलं, थोडं विकलं, थोडं घरात ठेवलं. मे महिन्यात घरच्या तिघांनी तेंदूपत्ता तोडला. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीची मजुरी केली. कोंबड्या, बोडीतली मासोळी, सरपण. आणि चुरणा झाल्यावर कोठीत ठेवलेलं वर्षभराचं धान. पंधरा क्विंटल ठेवलं असेल तर 2024-25 च्या 2,300 रुपये हमीभावानं तेच 34,500 रुपये झाले. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. विकलं नाही त्याला त्या कमाई म्हणतच नव्हत्या. दुकानदाराचं उत्पन्न नोटांत येतं, त्यांचं कोठीत साठतं. फक्त नोटा मोजल्या तर मूळच्या घराचं उत्पन्न निम्म्याहून कमी दिसू शकतं, आणि बाहेरच्याशी असलेली दरी आहे त्याहून रुंद.

याची दुसरी बाजू नवेगावच्या जंगलापलीकडे, गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत दिसते. नोर्ग्येलिंग नावाची ही वसाहत 1972 ची. तिथली कुटुंबं शेती करतात आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. एका हिवाळ्यात मी एका तिबेटी ताईंकडून मफलर घेतला. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यांनी वही दाखवली. डाव्या पानावर दिवसाची विक्री, मोठमोठे आकडे. उजव्या पानावर लुधियानाच्या व्यापाऱ्याचा उधारीचा माल, जागेचं भाडं, खोलीचं भाडं, गाडीखर्च. लोकांना डावं पान दिसतं. घरी जातं ते दोन्ही पानांची वजाबाकी होऊन, आणि तेवढ्यावर पुढचे आठ-नऊ महिने काढायचे. त्याच ताईंना जानेवारीत उत्पन्न विचारा आणि जूनमध्ये विचारा, दोन वेगळी उत्तरं मिळतील.

ही अडचण आपल्या देशाला जुनी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनं 1950 आणि 1960 च्या दशकांत घरगुती उत्पन्न विचारून पाहिलं. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न हे खर्च आणि बचत यांच्या बेरजेपेक्षाही कमी निघालं, आणि तो नाद सोडावा लागला. तेव्हापासून सरकार मुख्यतः खर्च मोजतं. 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये निघाला, शहरी भारतात 6,996. खर्चाची आठवण माणसाला बरी असते, आणि खर्च सांगताना दाखल्याची, सवलतीची भीतीही कमी वाटते.

आता काळाचा प्रश्न. 1978 साली बॅरी चिसविक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं की अमेरिकेत आलेले पुरुष सुरुवातीला कमी कमावतात, पण दहा-पंधरा वर्षांत तिथं जन्मलेल्यांना गाठतात आणि पुढेही जातात. अगदी आपल्या टपरीवरचंच वाक्य! 1985 मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी त्यावर बोट ठेवलं. चिसविक यांनी एकाच जनगणनेत वीस वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला माणूस शेजारी ठेवून तुलना केली, पण ते दोघे एकसारखे कशावरून? जुन्या तुकडीतले लोक मुळातच जास्त कसबी असू शकतात. आणि ज्यांचं जमलं नाही ते परत गेलेले असतात, ते मोजणीत येतच नाहीत. आपल्याकडेही त्याच 1978 साली दंडकारण्यातल्या वसाहती सोडून हजारो बंगाली कुटुंबं सुंदरबनातल्या मरीचझांपीकडे गेली. आज अशा वसाहतींत सुस्थितीतलं घर दिसतं, तेव्हा आपण टिकून राहिलेल्याला पाहत असतो. गेलेल्याचा हिशेब कुणाच्या खात्यात?

हे सगळं कागदावरचं नाही, म्हणून मला त्याची काळजी वाटते. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रात नाही. इथल्या बंगाली वसाहतीतल्या नमःशूद्र मुलाला शिष्यवृत्ती मिळावी की नाही यावर वाद होतो, तेव्हा दोन्ही बाजू आपापल्या डोळ्यांना दिसलेली चार घरं पुढे करतात. सरासरीसुद्धा तिथं फसवते. एका राइस मिलचा मालक पन्नास घरांची सरासरी वर ओढतो. सगळी घरं कमाईच्या क्रमानं उभी करून मधलं घर बघावं, त्याला मध्यक म्हणतात. दोन्हीकडची मधली घरं शेजारी ठेवून कुणी आमच्या तालुक्यात वाद घातलेला मी अजून ऐकला नाही.

घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी 2026 मध्ये करायची असं केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं ठरवलं आहे, आणि जनगणनेची शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे. फेब्रुवारी म्हणजे तेलंगणात मिरची तोडणीचे दिवस. आपल्या भागातली माणसं तेव्हा खम्मम, वारंगलकडे गेलेली असतात, कधी जोडप्यानं, कधी लेकरांसकट. तिथल्या टपरीवर ती 'बाहेरची' असतात. इकडे चिचगड-ककोडीच्या वाटेवर त्यांच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली शेजारच्या म्हातारीकडे. प्रगणक आला की तिलाच विचारणार, घरात किती माणसं आणि कुठं गेली.