ऱ्हाईनकाठचा एक दिवस
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी वक्ता नव्हे. चाळीस वर्षे कापडाचे तागे उलगडण्यात गेलेला मी एक व्यापारी. म्हणून उपदेश न करता जून २०२४ मधील एका दिवसाची हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या मुलीची मुलगी तेव्हा जर्मनीत आखेनच्या तंत्र विद्यापीठात शिकत होती. आखेन हे एके काळी लोकरी कापड आणि सुयांसाठी नावाजलेले गाव, त्यामुळे मला ते परके वाटले नाही. परकी वाटत होती ती नातच. एका शनिवारी ती म्हणाली, "आजोबा, आज दिवसभर रेल्वेने हिंडायचे, आणि संध्याकाळी माझ्या मित्रमंडळींना भेटायचे." 'मित्रमंडळी' हा शब्द मला खटकला. पण मी गप्प राहिलो.

तिच्याकडे विद्यार्थ्यांचा स्वस्त पास होता. माझ्यासाठी तिने ४९ युरोचे महिन्याचे तिकीट काढले होते. हे तिकीट देशभर चालते. मात्र जलद, लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. फलाटावर जाण्यास फाटक नाही, अडवणारा कोणी नाही. तपासनीस डब्यात केव्हा तरी येतो आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड घेतो. गिऱ्हाइकावर इतका विश्वास टाकणारा धंदा मी तरी पाहिलेला नव्हता.

आखेनहून तासाभरात कोलोन. तेथे गाडी बदलून आम्ही दक्षिणेस कोब्लेंझकडे निघालो. नातीने मला आग्रहाने डाव्या हाताच्या खिडकीत बसविले. त्याचे कारण रेमागेन गावाजवळ कळले, कारण तेथून ऱ्हाईन नदी डावीकडे रुळांच्या सोबतीस आली. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने याच गावचा रेल्वेपूल काबीज केला आणि दहा दिवसांतच तो कोसळला. आज काठावर त्याचे काळवंडलेले बुरूज तेवढे उभे आहेत. कोब्लेंझ हे नावच मुळी 'संगम' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. मोझेल तेथे ऱ्हाईनला मिळते. त्या टोकावर बसून आम्ही मेथीच्या दशम्या खाल्ल्या. त्या नातीने पहाटे उठून केल्या होत्या. घरी असताना या मुलीला साधा चहा करता येत नव्हता.

परतताना आमची गाडी ऐनवेळी रद्द झाली. ध्वनिक्षेपकावरील घोषणा जर्मनमध्ये. माणसे इकडून तिकडे धावत होती. माझी छाती धडधडू लागली. नातीने भिंतीवरचा फलक वाचला, एका कर्मचाऱ्याला दोन प्रश्न विचारले, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला, पलीकडचा फलाट." मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात दलालांशी बरोबरीने भाव करणारा मी, तेविशीच्या पोरीचा हात धरून निमूटपणे चाललो.

कोलोनला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. पण ऊन चांगलेच होते. जूनमध्ये तेथे सूर्यास्त पावणेदहाच्या पुढे होतो. त्यामुळे आठ वाजता नदीकाठी डबा उघडूनही रात्रिभोजनत्याग अबाधित राहिला. डिसेंबरात हाच सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा ती दुपारच्या तासांमध्ये डबा संपवते, हे तिने सहज सांगितले. समोर १२४८ साली आरंभ होऊन १८८० साली पूर्ण झालेले १५७ मीटर उंचीचे प्रार्थनामंदिर उभे होते.

मग तिची मंडळी आली. एक तमिळ मुलगी, एक तुर्की, दोन जर्मन मुलगे. सर्वजण बिअर मिळते अशा जुन्या भोजनगृहात शिरले. मनातली भीती मी लपवीत नाही. तेथे लहान, उभट पेले असतात. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असल्यास चकती पेल्यावर झाकायची. हिशोबाची ही रीत मला आवडली. नातीने सफरचंदाचा रस मागविला. तिला कोणी आग्रह केला नाही, कारणही विचारले नाही. तमिळ मुलीने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि एका जर्मन मुलाने मला सुती आणि लोकरी कापडातला फरक विचारला. अर्धा तास मीच बोलत होतो!

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९७ साली माझ्या मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. वसतिगृह, परकी संगत, अशी कारणे पुढे करून मी तिला पाठविले नाही. तिने वाद घातला नाही. प्रवेशाचे पत्र मात्र लग्नानंतरही कित्येक वर्षे तिच्या कपाटात होते, हे मला नातीकडूनच कळले.

आखेनच्या गाडीत बसल्यावर नातीने घरी फोन लावला. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. मुलगी जागीच होती. लेक कोठे आहे, कोणाबरोबर आहे, हे तिने विचारले नाही. एवढेच विचारले, "अण्णांना खिडकी मिळाली का गं?"