शंख आधीच का नाही फोडला?

आज बोलायचंय ‘द लिटिल मर्मेड’बद्दल. कार्टूनवाला नाही, २०२३ चा, रॉब मार्शलने खरी माणसं घेऊन केलेला. उशीर झालाय, मान्य आहे. पण परवा सकाळच्या लोकलमध्ये तो मोबाईलवर पुन्हा पाहायला घेतला आणि पहिलीच गोष्ट लक्षात आली की काही दिसतच नाहीये. अर्धा सिनेमा पाण्याखाली, आणि पाण्याखाली अंधार. ब्राइटनेस फुल केला तर स्क्रीनवर एरियलपेक्षा माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईची पर्सच जास्त नीट दिसायला लागली.

आधी तक्रारी उरकून घेते, कारण त्या बऱ्याच आहेत. १९८९ चं कार्टून ८३ मिनिटांचं होतं, हा सिनेमा १३५ मिनिटांचा आहे. मधली बावन्न मिनिटं कुठे गेली? थोडी राजपुत्राकडे, त्याला स्वतःचं एक गाणं मिळालंय. थोडी त्याच्या आईकडे. आणि थोडी त्या पक्ष्याच्या रॅपकडे, जो मी दोन्ही वेळा पुढे ढकलला असता, पण थिएटरात तशी सोय नसते.

माझं खरं भांडण मात्र माशांशी आहे. फ्लाउंडर हा एरियलचा जिवलग मित्र. कार्टूनमध्ये तो गुबगुबीत, घाबरट, पिवळा-निळा. इथे तो हुबेहूब मासा आहे. ताटातल्या पापलेटच्या चेहऱ्यावर जेवढे भाव असतात तेवढेच त्याच्या. सबॅस्टियन खेकडा म्हणजे तर थेट बाजारात दोरीने बांधून ठेवलेली चिंबोरी. आवाज दिलेली माणसं जीव तोडून बोलतात, पण डोळे हलत नाहीत. ‘अंडर द सी’ हे गाणं कार्टूनमध्ये का मजा आणतं? कारण तिथे मासे चक्क वाद्यं वाजवतात. इथे त्यांना खऱ्या माशांसारखं वागायचंय, मग वाद्यं गेली आणि गंमतही गेली. रंग आहेत, हालचाल आहे, पण वरात निघाली आणि बँड विसरला, तसं काहीतरी.

आपल्याकडे बघा ना. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’. पूर्वी दिलीप प्रभावळकरांची चेटकीण, आणि २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरने नाटक पुन्हा बसवलं तेव्हा वैभव मांगलेची. मी भाचीला घेऊन ते पाहिलंय. समोर विग लावलेला, लांब नाकाचा पुरुष बाईचा आवाज काढतोय हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. तरी चेटकीण प्रेक्षकांकडे वळली की पोरं खुर्चीत पाय वर घेतात. परीकथेला खोटं चालतं, उलट थोडं खोटंच लागतं. करोडो रुपये खर्चून खेकडा खराखुरा करायचा आणि वर त्याला गायला लावायचं, हा हट्ट मला समजत नाही.

आणि कथेचं काय केलंय? हान्स ख्रिश्चन अँडरसनची मूळ गोष्ट १८३७ ची. त्यात जलपरीची जीभ कापली जाते, चालताना प्रत्येक पावलाला सुऱ्या टोचल्यासारखं दुखतं, राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. त्याला मारून तिला वाचता येणार असतं, पण ती मारत नाही आणि समुद्राचा फेस होते. लहान मुलांच्या सिनेमात एवढं नको, ठीक आहे. पण नव्या सिनेमात अर्सुला अशी जादू करते की तीन दिवसांत चुंबन मिळवायचंय हेच एरियल विसरून जाते. म्हणजे तिने सर्वस्व पणाला लावलं आणि डाव काय होता तेच तिला आठवत नाही. आता धडपड तरी कशासाठी करणार बिचारी?

एवढं सगळं असूनही मी हा सिनेमा वाईट म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण हॅली बेली. ती गायला लागली की माशांचं सगळं माफ. २०१९ ला तिचं नाव जाहीर झालं तेव्हा इंटरनेटवर केवढा गदारोळ झाला, की जलपरी काळी कशी? अरे, अर्धी मासोळी आहे ती! ते तुम्हाला चाललं, रंग नाही चालला?

त्या वर्षी जानेवारीत माझ्या भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. भाची तेव्हा नऊ वर्षांची, आमच्या घरात सगळ्यात सावळी आणि सगळ्यात सुरेल. नाटकात राजकन्या होती. बाईंनी हिला सांगितलं, “तुझा आवाज छान आहे, तू पडद्यामागून गा.” पुढे एक गोरीपान मुलगी ओठ हलवत होती. टाळ्या पडल्या. आजीने दुसऱ्या दिवसापासून बेसन-हळद लावायला घेतली. मीसुद्धा काही बोलले नाही हो. आवाजाचं कौतुक झालं म्हणून पेढे आणले.

मे महिन्यात तिला घेऊन ठाण्याला सिनेमाला गेले. इंग्रजी शो होता, मी कानात मराठी करून सांगत होते. मग तो प्रसंग आला. अर्सुला सुंदर मुलीचं रूप घेते, एरियलचा आवाज गळ्यातल्या शंखात असतो, आणि राजपुत्राला वाटतं गाणारी हीच. खरी गाणारी बाजूला मुकी उभी. भाचीचा पॉपकॉर्नचा हात थांबला. “सांगू नकोस, कळतंय,” ती म्हणाली. शंख फुटतो आणि आवाज परत घशात येतो, तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली होती. शेवटी एरियल स्वतः जहाज अर्सुलाच्या अंगावर घालते. कार्टूनमध्ये हे काम राजपुत्र करतो. हा बदल मला फार आवडला, तिचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

परतीच्या स्लो लोकलमध्ये खिडकीत बसून तिने विचारलं, “मावशी, तिने तो शंख आधीच का नाही फोडला?”

मी म्हटलं, “तिला माहीत नव्हतं ना, आवाज कुठेय ते.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

मुंब्रा आलं. दोन बायका चढल्या, एकीने तिला सरकायला सांगितलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून तेच गॅदरिंगचं गाणं हळूहळू म्हणायला लागली.