शिफ्ट सोडताना काय सांगाल?



दीक्षान्त समारंभ म्हणजे झगे, टोप्या आणि कुलगुरू अशी आपली समजूत. फिटर, वेल्डर, वीजतंत्री होणाऱ्या मुलांचं प्रमाणपत्र बहुधा ऑफिसच्या खिडकीतून यायचं. सही करा आणि घेऊन जा. देशभरातल्या आयटीआयच्या मुलांचा पहिला कौशल्य दीक्षान्त समारोह झाला तो 17 सप्टेंबर 2022 रोजी, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. ज्यांच्या हातांवर कारखाने चालतात त्यांना मानाने बसवून टाळ्या वाजवायला देशाला पंचाहत्तर वर्षं लागली. उशिरा झालं, पण झालं. पालकांनो, आजची पहिली टाळी तुमची आहे. चाफे, नांदिवडे, मालगुंड, सैतवड्याहून आणि फेरीबोटीने पलीकडच्या तवसाळहून येणाऱ्या मुलांचे डबे पहाटे उठून कुणी भरले, ते मला ठाऊक आहे.

मुलांनो, मोठी स्वप्नं बघा वगैरे मी सांगणार नाही. ती तुम्ही बघताच. तुमच्या वेळापत्रकात एम्प्लॉयबिलिटी स्किल्स नावाचा, कामावर कसं बोलावं-वागावं ते शिकवणारा एक विषय होता. त्या तासाला किती जण मागच्या बाकावर पेंगत होते, हे निदेशकांसमोर विचारत नाही. पण माझी सगळी नोकरी बंदरांच्या आणि कारखान्यांच्या देखभाल विभागात गेली, आणि तिथे मला त्या विषयाची किंमत कळली. माणूस हाताने चुकला तर नट पुन्हा घट्ट करता येतो. सांगायचं राहून गेलं, तर पुढे काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

आपल्या जयगडचंच बघा. 2009 मध्ये इथलं नवं बंदर सुरू झालं. शेजारी तीनशे मेगावॉटचे चार संच, म्हणजे 1200 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. जहाज दिवाळी बघून येत नाही आणि बॉयलर गणपतीत सुट्टी घेत नाही. असं काम चोवीस तास चालतं, आणि दिवसातून तीनदा ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. अपघातांचे अहवाल वाचायची मला खोड आहे. त्यांत पुन्हा पुन्हा हीच जागा दिसते : एक जण घरी निघालेला, दुसरा नुकताच आलेला, आणि दोघांच्या मध्ये एक वाक्य गळालेलं.

त्यातलं सगळ्यात भयंकर उदाहरण उत्तर समुद्रातलं. पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म होता. 6 जुलै 1988 ला तिथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम त्या दिवशी पुरं झालं नाही, म्हणून उघड्या पाइपच्या तोंडावर नुसती चकती बसवून ठेवली. पंपाच्या देखभालीचं परमिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांनी कागद बघितले, त्यांना पंपाचं परमिट सापडलं. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यांनी पहिला पंप चालू केला. वायू गळला, स्फोट झाला, आग लागली आणि 167 माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांनी चौकशी केली, 1990 मध्ये अहवाल दिला आणि 106 शिफारशी केल्या. जगभरातल्या कारखान्यांत आज परमिटची जी कटकट वाटते, तिच्यामागे ही माणसं आहेत. परमिटच्या फॉर्मवर सही करताना कंटाळा आला तर हा आकडा आठवा.

असं वाक्य गळू नये म्हणून जहाजावर काय करतात ते आता सांगतो. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की पायलट शिडीने वर चढतो. कप्तान त्याला लगेच सुकाणू दाखवून मोकळा होत नाही. जहाज पाण्यात किती बुडालंय, इंजिन कसं साथ देतंय, काय नादुरुस्त आहे, हे आधी एका कार्डावर त्याच्यापुढे येतं. पायलटही कुठून कसं न्यायचं ते सांगतो. मग हुकूम सुरू होतात. पायलट म्हणाला ‘पोर्ट टेन’, तर सुकाणूवरचा माणूस ‘यस सर’ म्हणत नाही. तो ‘पोर्ट टेन’ असंच मोठ्याने म्हणतो, सुकाणू फिरवतो, आणि ते दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. एकच हुकूम तीनदा बोलला जातो. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल, पण ऐकण्यात चूक झाली तर ती तिथल्या तिथे कळते.

आपल्याकडे शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं म्हणतो आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गाऱ्हाण्यात ते शोभतं, कारण पुढचं सगळं देवावर सोपवलेलं असतं. अडचण अशी की आपण नोकरीतही साहेबासमोर ‘व्हय म्हाराजा’च करतो. साहेब सांगतो, आपण मान हलवतो, आणि बाहेर आल्यावर शेजारच्याला विचारतो, ‘काय म्हणाला रे तो?’ ही सवय आजपासून मोडा. सांगितलेलं काम आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा : ‘साहेब, म्हणजे तीन नंबरच्या बेल्टचा गिअरबॉक्स, फक्त ऑइल सील बदलायचं, मोटरची वायर सोडवायची नाही. बरोबर?’ पाच सेकंदांचं काम आहे. साहेब चिडणार नाही. चिडलाच तर चिडू दे. चुकीची मोटर उघडल्यावर चिडेल त्यापेक्षा ते परवडलं.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांवर बोलायच्या ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात मे, कॅन, शुड असे दोन अर्थ निघणारे शब्द टाळायला सांगितलंय. दिशा 150 अंश असेल तर ‘वन-फाइव्ह-झिरो’ असं एकेक आकडा सुटा करून म्हणायचं. आता आपली कामावरची भाषा आठवा. ‘जरासा ढिला कर.’ किती? अर्धा आटा की तीन आटे? ‘मगाशी बंद केलंय.’ कधी, जेवणाआधी की नंतर? ‘तिकडचा तो व्हॉल्व्ह.’ तिकडे सात आहेत! आणि ‘बघतो’ हा तर कोकणचा राष्ट्रीय शब्द. ‘बघतो’ म्हणजे हो, नाही, उद्या, कधीच नाही, यातलं काहीही. घरात, पारावर हे बोलणं गोड आहे, मला फार आवडतं. गेटच्या आत त्याला थारा देऊ नका. यंत्राला नंबर असतो, वेळेला घड्याळ असतं, मापाला एकक असतं, ती वापरा.

शिफ्ट सोडताना काय सांगायचं? काय चालू आहे, काय बंद आहे, काय अर्धवट सोडलंय आणि कशामुळे, कुठला आवाज नेहमीपेक्षा वेगळा येतोय, कोणतं कुलूप कुणी लावलंय. यातलं अर्धवट कामाचं सांगणं सर्वांत अवघड, कारण त्यात कमीपणा वाटतो. म्हणून लोक लॉगबुकात ‘सर्व ठीक’ लिहून मोकळे होतात. मी अनेक ठिकाणची लॉगबुकं चाळली आहेत. महिनाभर रोज ‘सर्व ठीक’ आणि एकतिसाव्या दिवशी ब्रेकडाऊन. यंत्र एका रात्रीत मरत नाही हो! बेअरिंग आधी गरम होतं, मग ओरडतं, मग जातं. गरम झालं तेव्हा कुणाचा तरी हात त्यावर पडलेला असतो. त्याने लिहिलं नाही, एवढंच.

आणि हे आपल्या हाताने लिहा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अंगठा टाकला की निरोप पोहोचला असं हल्ली धरून चालतात. अंगठ्यावरून त्याने वाचलं, मान्य केलं की नुसती स्क्रीन सरकवली, काही कळत नाही. ग्रुपवर फोटो जरूर टाका, पण सोबत ओळ लिहा आणि ज्याला करायचंय त्याचं नाव घेऊन विचारा. व्हॉइस मेसेज कन्व्हेअरच्या आवाजात कुणी ऐकत नाही.

इंग्रजीची भीती ही तुमच्यातल्या निम्म्यांच्या पोटातली गोष्ट. कामाला लागणारं इंग्रजी फार थोडं असतं : अवजारांची नावं, आकडे, दहा-पंधरा क्रियापदं. ते सहा महिन्यांत येतं. त्याहून अवघड भाषा वेगळीच आहे. बंदरावर, वीज केंद्रावर ओडिशा, झारखंड, बिहारमधून आलेले कामगार तुमच्याबरोबर असतील. त्यांची हिंदी तुमच्या हिंदीपेक्षा वेगळी, तुमची आपल्या गावच्या वळणाची. एकमेकांना हसण्यापेक्षा एकमेकांना परत विचारायची सवय लावा. खाडीपट्ट्यातले आपलेच लोक पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आणि आखातात गेले. तिथे त्यांनी कुठल्या परीक्षेचं इंग्रजी नेलं होतं?

तुमच्यातले काही जण चार-पाच वर्षांत सुपरवायझर होतील. त्यांना इथून जवळचंच एक पत्र वाचायला सांगतो. चिपळूणजवळ दळवटण्याला मराठ्यांच्या घोडदळाची छावणी होती. राज्याभिषेकाच्या आगेमागे, पावसाळा तोंडावर असताना, शिवाजी महाराजांनी तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पत्र लिहिलं. विषय साधा : दाणा-वैरण जपून वापरा. दुसरा एखादा राजा एका ओळीत हुकूम देऊन थांबला असता. महाराज कारण सांगतात. आत्ता उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग शिपाई कुणब्यांच्या घरी दाणा, भाकरी, लाकूड, भाजी ओढून आणतील, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. पुढचा तपशील तर सेफ्टी ऑफिसरने भिंतीवर लावावा असा. कुणी स्वयंपाकाला आगट्या पेटवेल, कुणी चिलीम ओढेल. जवळ वैरण आहे, वारा आहे, हे न बघता. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. राजाला उंदराची वात माहीत होती! आपल्या माणसांचं काम जवळून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

हे पत्र मी नव्या सुपरवायझरांना नेहमी वाचायला द्यायचो, आणि त्यांना एकच प्रश्न विचारायचो : तुमच्या सूचनेतला उंदीर कुठला? ‘सुरक्षितता पाळा’ या सूचनेत उंदीर नाही. ‘वेल्डिंग करताना खालच्या मजल्यावरची ताडपत्री आधी उचला, कालच्या ठिणग्यांनी तिला दोन भोकं पडलीत’ यात आहे. कारण कळलं की माणूस पाठ फिरवल्यावरही काम नीट करतो. नुसता हुकूम मिळाला तर साहेब नजरेआड होईपर्यंतच करतो.

कामावर कधी वाटाघाटही करावी लागते. तिने काय साधतं याचा पुरावा तुमच्या खिडकीतून दिसणारा किल्लाच आहे. बाळाजी विश्वनाथ 1713 च्या नोव्हेंबरात पेशवे झाले तेव्हा कान्होजी आंग्र्यांनी आधीच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैदेत टाकलं होतं. बाळाजींनी लढाईऐवजी बोलणी केली. पिंगळे सुटले, कान्होजींनी शाहू महाराजांना मानलं, त्यांना सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद मिळालं, आणि कोणते किल्ले त्यांच्याकडे राहणार हे नावानिशी ठरलं. त्या दहा मोठ्या किल्ल्यांत आपला जयगड होता. तुम्ही ओव्हरटाइमचं, रजेचं, बदलीचं बोलायला जाल तेव्हा इतकंच करा : आपल्याला काय हवं ते नेमकं सांगा, समोरच्याचं काय अडलंय ते विचारा, आणि ठरलेलं लिहून घ्या. भांडायला कुणीही जातं.

एका बाबतीत मात्र वाटाघाट करू नका. परमिट नाही, वीज बंद केल्याची खात्री नाही, सुरक्षेचा पट्टा नाही आणि उंचीवर चढायचंय. आणि मुकादम म्हणतोय, ‘दोन मिनिटांचं काम आहे, चढ.’ तुम्ही कंत्राटी असाल, नवे असाल, घरी हप्ते चालू असतील. नाही म्हणणं सोपं नाही, मला कळतं. तरीही नाही म्हणा, आणि आवाज न चढवता म्हणा : ‘पट्टा आणा, लगेच चढतो.’ या वाक्यात काम नाकारलेलं नाही, अट घातलेली आहे. असं बोलायला घरी आरशासमोर सराव केलात तरी चालेल. पालकांनो, यातून एखाद्याची नोकरी गेली तर त्याला घरात बोलू नका.

उद्यापासून तुमच्यातले कित्येक जण अॅप्रेंटिस म्हणून रुजू होतील. पहिल्या दिवशी नवं हेल्मेट घालून फोटो काढाल, तो जरूर काढा. मग लॉगबुक उघडा आणि तुमच्या आधीच्या माणसाने काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘सर्व ठीक’ दिसलं, तर तो गेटबाहेर पडायच्या आत धावत जाऊन त्याला गाठा आणि विचारा.