परसातील शिंजीर

माघ उतरणीला लागला की बुऱ्हाणपूरच्या जुन्या घरांच्या परसदारी एक प्रतीक्षा सुरू होते. तापीवरून येणाऱ्या वाऱ्यातील गारठा ओसरलेला असतो, असीरगडाच्या वाटेवर पळस फुलू लागलेला असतो. जास्वंदीकडे पाहत घरातील आजी नातवाला विचारते, "काय रे, काळा शिंजीर आला का?" नातू मान हलवतो. झुडपावर असतात ते दोन-चार मळकट तपकिरी, पिवळसर पोटाचे चिमुकले पक्षी. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

अशीच प्रतीक्षा उत्तर अमेरिकेतही चालते. तेथील लोक वसंताच्या आरंभी परसात साखरपाण्याच्या बाटल्या टांगून हमिंगबर्डची वाट पाहतात. माणकाच्या रंगाचा कंठ असलेला तेथील हमिंगबर्ड वजनाने जेमतेम 3 ग्रॅमचा. तरीही हिवाळा मध्य अमेरिकेत काढून परतताना त्यांतील अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात, सुमारे 800 किलोमीटरचे अंतर, कोठेही न थांबता ओलांडतात. हे कूळ केवळ अमेरिकेचे. आपला शिंजीर त्याचा सगासोयरा नव्हे. दोघांचा मधुपानाचा व्यवसाय एक, म्हणून चोची तेवढ्या सारख्या. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो. शिंजीर बहुधा देठावर बसून पितो.

मग आजी ज्याची वाट पाहते, तो शिंजीर कोठून परत येतो? खरे पाहता तो फारसा दूर गेलेलाच नसतो. फुलांच्या मागोमाग तो थोडाफार हिंडतो एवढेच. विणीचा हंगाम संपला की नर आपला राजस वेष उतरवून ठेवतो आणि मादीसारखा साधा दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळसर पट्टा तेवढा त्याची ओळख म्हणून उरतो. हिवाळा सरताना नवी पिसे येतात. त्यांची निळी-जांभळी झळाळी ही रंगद्रव्याची नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळतो, त्याची ती किमया. म्हणून सावलीत तो निव्वळ काळा, उन्हात मात्र रत्नासारखा. ज्याची वाट पाहिली जाते तो त्या मळकट पक्ष्यांतच बसलेला असतो.

त्याचे अन्न येथे विपुल आहे. पळस, पांगारा, आंब्यावरील बांडगूळ. आणि बुऱ्हाणपूरच्या भोवतालच्या केळीच्या बागांतील केळफुलेही. परंतु घरटे बांधण्याचे काम मादी एकटीच करते. गवत, सालींचे तुकडे आणि कोळ्याची जाळी यांची ती एक लोंबती पिशवी विणते, दाराशी लहानसा छज्जा ठेवते. अंडी दोन-तीन, ती उबवतेही तीच. पिलांना भरवताना मात्र नर हातभार लावतो. पिलांचे खाद्य म्हणजे प्रामुख्याने किडे आणि कोळी. साखरपाण्याने त्यांचे पोषण होत नाही.

आता परसांवर फरशी बसते आहे. घरातील कर्त्या मुलाला मोटारसायकल ठेवण्यास जागा हवी असते, आणि त्याचे म्हणणेही खोटे नसते. जास्वंद तोडण्याचा दिवस ठरतो. नेमकी त्याच फांदीला पालापाचोळ्याच्या लोंब्यासारखे काही लटकलेले आजीला दिसते. ती एवढेच म्हणते, "पिले उडेपर्यंत थांब." अंडी उबण्यास पंधरवडा लागतो, पिले उडण्यास जवळजवळ तेवढेच दिवस. एवढ्या अवधीत नर-मादींच्या शेकडो खेपा घरच्यांच्या डोळ्यांखालून जातात. मुलगा झुडपापुरता चौकोन मोकळा ठेवून उरलेली फरशी बसवतो.

पुढच्या माघात आजीचा प्रश्न तोच असतो. नातू मात्र या वेळी मान हलवत नाही. गळ्यावर काळी रेघ असलेल्या एका मळकट पक्ष्याकडे बोट दाखवून तो म्हणतो, "आजी, तो इथेच आहे. अजून कपडे बदलतो आहे."