इंग्रजीतील नऊ लहान क्रियापदे

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-सत्कार समारंभात केलेले भाषण)



सत्कारानंतर उपदेशाचे चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चालकांनी आम्हांस केली आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार अल्प. आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि तीन तपे मुलांस इंग्रजी शिकविले, एवढीच आमची शिदोरी. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडतो.

इंग्रजीत नऊ लहान साहाय्यक क्रियापदे आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. व्याकरणात त्यांस मोडल ऑक्झिलिअरी म्हणतात. त्यांचे नियम सोपे आहेत. कर्ता 'ही' असो वा 'शी', त्यांस 'एस' लागत नाही. त्यांच्यामागून मूळ क्रियापद येते, मध्ये 'टू' येत नाही. प्रश्न करताना 'डू'चे साहाय्य लागत नाही. हे नियम आम्ही फळ्यावर लिहीत असू आणि शेजारी अर्थ देत असू: कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजे. मुले पाठ करीत, गुण मिळवीत, आणि आम्ही कृतार्थ होत असू.

एके दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी परत आलेला अर्ज घेऊन घरी आला. नोकरीसाठी लागणारा एक दाखला वेळेवर मिळेना, म्हणून त्याने आठ दिवसांची मुदत मागितली होती. 'आपण मला मुदत द्यावी' हे त्याच्या मनात होते. कागदावर उतरले ते 'यू मस्ट गिव्ह मी एट डेज'. साहेबांनी 'मस्ट'खाली तांबडी रेघ ओढून अर्ज परत पाठविला होता. मुदत टळली आणि जागाही गेली. मुलगा इतका विनयशील की वडिलांपुढे मान वर करून बोलणार नाही. आपले काय चुकले हे त्यास उमगेना. आम्हांस मात्र तत्काळ उमगले, कारण तो 'मस्ट' आमच्याच फळ्यावरचा होता.

असे का व्हावे, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. मराठीत आदर दाखविण्यास तू, तुम्ही, आपण अशी सर्वनामे आहेत. दे, द्या, द्यावे अशी रूपे आहेत. आजच्या इंग्रजीत लहानथोर सर्वांस एकच 'यू'. मग अदब राखावयाची कोठे? तिचा बराच भार या लहान क्रियापदांनी उचलला आहे. मित्रास 'कॅन यू' चालते. अपरिचितास 'कुड यू' म्हणणे बरे. अर्जात 'आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड' शोभते. कुड आणि वुड ही रूपे भूतकाळाची दिसतात, परंतु येथे त्यांचा काळाशी संबंध नाही. बोलणारा एक पाऊल मागे सरून, समोरच्यास नकार देण्यास जागा ठेवून विनंती करतो, इतकाच त्यांचा अर्थ. ज्या मुलास हे ठाऊक नाही, त्याचा घरचा विनय इंग्रजीत उतरतच नाही, आणि तो उद्धट ठरतो.

दुसरा खड्डा 'मस्ट नॉट'चा. मस्ट म्हणजे पाहिजे, तर मस्ट नॉट म्हणजे 'पाहिजेच असे नाही', असा तर्क मूल करते. वस्तुतः ती सक्त मनाई आहे. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे तू येता कामा नये. 'आला नाहीस तरी चालेल' यास 'यू नीड नॉट कम' म्हणावे लागते. औषधाच्या वेष्टनावर ही गल्लत झाली तर जिवाशी गाठ.

तिसरी गोष्ट अनुमानाची. 'त्याने घरी असले पाहिजे' हे कर्तव्य. 'तो घरी असला पाहिजे' हे दिवा लागलेला पाहून केलेले अनुमान. मराठी हा भेद कर्त्याच्या विभक्तीने दाखविते. इंग्रजीत दोहोंस 'ही मस्ट बी ॲट होम' हे एकच वाक्य, आणि अर्थ संदर्भाने ओळखावयाचा. आपल्या भाषेतील हे बारकावे मुलास दाखवून दिले, तर इंग्रजीचे भय निम्मे ओसरते.

कोणी म्हणेल, इतका काथ्याकूट कशासाठी? त्यास आम्ही राज्यघटनेकडे बोट दाखवू. १९५० साली घटना अमलात आली, तेव्हा तिच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी राज्यावर दहा वर्षांत प्रयत्न करण्याचे दायित्व टाकले. इंग्रजी पाठात 'शॅल' होता, परंतु त्याच्या पाठीशी 'एंडेव्हर' म्हणजे प्रयत्न हा शब्द होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. तेथे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 'शॅल'पुढे थेट 'प्रोव्हाइड' आहे. शिक्षण द्यावयाचे हे बंधन; कोणत्या रीतीने द्यावयाचे हे कायद्याने ठरविण्यास 'मे', म्हणजे मुभा. न्यायालये प्रसंगी वेगळा अर्थ लावतात, परंतु सामान्यतः 'शॅल' दिसला की हक्क मागावा आणि 'मे' दिसला की विनंती करावी. शिष्यवृत्तीचे नियम वाचणाऱ्या पालकास एवढे कळले तरी पुष्कळ.

आता उपाय. शाळेत अगदी कच्च्या मुलाचेही एक वाक्य कधी चुकत नाही: 'मे आय कम इन, सर?' ते त्याने पुस्तकातून पाठ केलेले नसते; रोज दारात उभे राहून, खरोखर आत येण्यासाठी म्हटलेले असते. सराव म्हणतात तो हा. निवृत्तीनंतर आम्ही दर रविवारी ज्ञातिगृहात काही मुले जमवितो. खिडकी उघडावयाची असेल तर ती विनंती भावास, गुरुजींस आणि पाहुण्यास अशा तीन परींनी करावी लागते. पिशवीत वस्तू झाकून ठेवतो. मुले चाचपून 'माइट बी', 'मस्ट बी', 'कान्ट बी' असे तर्क करतात. शेवटी प्रत्येकाने एक खरा अर्ज लिहावयाचा. एका रविवारी एकच क्रियापद घेतो. घाई करीत नाही.

तो विद्यार्थी आज या सभागृहात आहे. पुढे त्यास दुसरी नोकरी लागली, आणि रविवारच्या वर्गात मुलांचे अर्ज तपासण्यास तोच आमच्या शेजारी बसतो. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. परंतु ज्ञातीतील कोणाही मुलाचा अर्ज केवळ एका शब्दापायी परत येऊ नये, एवढी आमची इच्छा आहे. आपण आपली मुले रविवारी पाठवावीत. येथे आम्ही 'पाठविलीच पाहिजेत' असे म्हणत नाही, कारण त्या शब्दाची किंमत आता आम्हांस कळली आहे.