ऑनलाइन शिक्षण आणि डिजिटल ग्रंथालये



मार्च २०२० मध्ये देशातील शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा शिक्षकांची व्याख्याने पडद्यावरून घरोघरी जाऊ लागली. परंतु व्याख्यान ऐकणे ही अभ्यासाची केवळ सुरुवात होय. ऐकलेले पारखण्यासाठी, पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी विद्यार्थ्याला ग्रंथ लागतो. घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोठून मिळावा, हाच आज आपल्यापुढील प्रश्न आहे.

ग्रंथ वाचकाच्या दारी नेण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. पुढे त्या संस्थानातील खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हा त्यांतील दोन नियमांचा आशय डिजिटल ग्रंथालयासही तितकाच लागू पडतो.

आज साधनांची वाण नाही. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पाठ्यसाहित्य ‘ई-ज्ञानकोशा’त वाचता येते. विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगे’त साठविले जातात. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना वाचता किंवा ऐकता येईल अशा रूपात पुस्तके पुरविते.

तथापि, साठा मोठा असला म्हणजे ग्रंथ हाती आला असे होत नाही. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे प्रामुख्याने एक विशाल सूची आहे. मूळ ग्रंथ बहुधा अन्य संस्थेच्या संग्रहात असतो. त्याच्या नोंदीत विषय, भाषा आणि इयत्ता नीट दिलेली नसेल, तर तो असून नसल्यासारखाच. शिवाय काही संग्रह वर्गणीदारांपुरतेच खुले असतात. तेथे वाचक दारापर्यंत पोहोचतो आणि परत फिरतो. कायद्याचीही मर्यादा आहे. आपल्याकडे ग्रंथावरील स्वामित्वहक्क सामान्यतः लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे जुने ग्रंथ सहज खुले होतात. पण विद्यार्थ्याला ज्याची खरी निकड असते, ते स्वभाषेतील नवे पाठ्यपुस्तक हक्कधारकाच्या परवानगीवाचून खुले होत नाही.

यास्तव तीन गोष्टी अगत्याच्या वाटतात. पहिली, सार्वजनिक निधीतून तयार होणारे पाठ्यसाहित्य आरंभापासूनच सर्वांस खुले असावे. दुसरी, प्रत्येक ऑनलाइन पाठाबरोबर वाचनाची सूची असावी आणि सूचीतील ग्रंथ तेथूनच उघडता यावा. तिसरी, भारतीय भाषांतील ग्रंथांच्या नोंदी त्या त्या भाषेत, विषयवार आणि काळजीपूर्वक केल्या जाव्यात.

या कामी गावातील लहान ग्रंथालय निरुपयोगी ठरत नाही. उलट त्याचे महत्त्व वाढते. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही आणि जिला एकच दूरध्वनी भावंडांत वाटून घ्यावा लागतो, तिला बसण्यास जागा, वापरण्यास यंत्र आणि वाट दाखविणारा ग्रंथपाल तेथेच मिळू शकतो. बडोद्याच्या पेट्या खेड्यात उघडण्यासही कोणी माणूस लागत असे. आजच्या ग्रंथसाठ्यालाही तो लागतो, एवढे आपण विसरू नये.