क्रीडाकेंद्र आणि स्वयंसेवक

"हल्लीं निःस्वार्थपणें काम करणारीं माणसें मिळत नाहींत," हें वाक्य आपण सर्वांनींच केव्हां ना केव्हां उच्चारलेलें असेल. मीहि तें पुष्कळदां उच्चारलें आहे. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर आमच्या पेठेंतील मुलांसाठीं चालणाऱ्या एका सार्वजनिक क्रीडाकेंद्राची व्यवस्था माझ्याकडे आली. सायंकाळीं दोन तास कुंपणाच्या आंतील मैदानावर खोखो व कबड्डी. आणि आंतल्या दालनांत मल्लखांब, कॅरम व वाचनाचें एक लांब टेबल, एवढाच तिचा पसारा. पगारी माणूस एकहि नाहीं. सर्व काम स्वयंसेवकांनींच चालवावयाचें. त्या कामांत मला जें शिकावें लागलें, आणि त्यांतलें जें मी फार उशिरां शिकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आरंभीं मीं सर्वांचाच मार्ग पत्करला. गणेशोत्सवाच्या दिवसांत दाराशीं फळा लावून त्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवक पाहिजेत' असें लिहिलें. ४२ नांवें आलीं. दिवाळी सरली तेव्हां त्यांतले चौघेच उरले होते. मीं तरुण पिढीला यथेच्छ बोल लावला. पुढें एके दिवशीं गळालेल्यांपैकीं एकजण बाजारांत भेटला. त्याला सहज विचारलें, "कां रे, येईनासा झालास?" तो संकोचानें म्हणाला, "गुरुजी, मी आठ दिवस येत होतों. मला कोणी कामच सांगितलें नाहीं. भिंतीशीं उभें राहण्याची लाज वाटूं लागली."

आळशी तो नव्हता. आळशी मी होतों. माणूस मागण्यापूर्वीं काम नेमकें करून ठेवण्याचे श्रम मीं घेतलेच नव्हते.

मग मीं फळा पुसला आणि कामांची यादी करावयास बसलों. प्रत्येक कामापुढें वार, वेळ आणि मुदत लिहिली. उदाहरणार्थ : 'लहान मुलांचा खोखो, मंगळवार व शुक्रवार, साडेपांच ते सात, संक्रांतीपर्यंत.' नंतर त्या कामास साजेसें माणूस मनाशीं योजून त्याच्या घरीं जाऊं लागलों. एका निवृत्त पोस्टमनला हजेरीची वही सांभाळण्याची विनंति केली. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना गाद्यांच्या फाटलेल्या खोळी शिवून देण्याविषयीं विचारलें. महाविद्यालयांत जाणाऱ्या एका मुलीला लेझीम शिकविण्यास बोलावलें. या तिघांनींहि फळा वाचला होता. परंतु स्वयंसेवक म्हणजे कोणी तरी धट्टाकट्टा तरुण, अशा समजुतीनें त्यांनीं तो आपल्यासाठीं नाहीं असें मानलें होतें. मुदत ठरलेली असली म्हणजे माणसाला होकार देणें सोपें जातें, आणि मुदत संपल्यावर मानानें निरोपहि घेतां येतो. नवल असें कीं, निरोपाची मोकळीक असलेलीं माणसें बहुधा निरोप घेत नाहींत.

परंतु होकार म्हणजे तयारी नव्हे. मुंबईंत नागपाड्याच्या दाट वस्तींत क्लिफर्ड मॅनशार्ड हे अमेरिकन मिशनरी 'नागपाडा नेबरहुड हाउस' हें लोकसेवेचें केंद्र चालवीत. १९३६ सालीं समाजसेवेचें पद्धतशीर शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची संस्था निघाली, ती त्याच नागपाड्यांत. आणि तिचे पहिले संचालक मॅनशार्ड हेच होते. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून सर्वश्रुत आहे. सदिच्छेला शिक्षणाची जोड लागते, हा यांतला बोध लहान गांवालाहि लागू आहे.

आमच्याकडे नव्या माणसानें पहिले चार आठवडे जुन्या माणसाच्या जोडीनेंच काम करावें, असा नियम केला. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावलेलें असतें. तेथें खालीं गादी पसरल्यावांचून कोणाहि मुलास वर चढूं द्यावयाचें नाहीं. पडलेल्या मुलाला घाईनें ओढून उभें करावयाचें नाहीं. दुसरा नियम याहून नाजूक. येणारा मनुष्य कितीहि ओळखीचा असो, त्याच्याविषयीं चौकशी करावयाची. त्यांत त्याचा अपमान नाहीं. बंद खोलींत एक मोठा मनुष्य आणि एक मूल असे दोघेच कधींहि असूं नयेत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचें रक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानें, असा अपराध घडल्याचें ज्यास कळेल त्यानें तो पोलिसांस कळविणें बंधनकारक केलें आहे. संस्थेच्या अब्रूसाठीं मौन पाळणें हा स्वतःच एक अपराध होय.

इतकें सर्व केलें; तरी एक गोष्ट मीं माझ्याच हातीं ठेवली होती, ती म्हणजे कुलपाची किल्ली. कोणावर अविश्वास होता असें नाहीं. 'माझ्यावांचून चालणार नाहीं' ही भावना फार गोड असते, एवढेंच. एका पावसाळ्यांत मला विषमज्वर झाला. किल्ली माझ्या कपाटांत, आणि घरचीं माणसें माझ्या शुश्रूषेंत. स्वयंसेवक रोज वेळेवर येत, फाटकाशीं थोडा वेळ थांबत आणि परत जात. आजाऱ्याला त्रास नको म्हणून कोणी घरीं येऊन किल्ली मागितली नाहीं. १७ दिवस केंद्र बंद राहिलें. मुलें रस्त्यावर खेळूं लागलीं, आणि त्यांतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला मोटारसायकलचा धक्का लागून त्याचा हात मोडला.

हिंडूंफिरूं लागल्यावर मी त्याच्या घरीं गेलों. त्याच्या वडिलांनीं मला दोष दिला नाहीं. चहाचा पेला पुढें ठेवीत त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरुजी, किल्ली दुसऱ्या कोणापाशीं नव्हती का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. सारा जन्म मुलांना स्वावलंबन शिकविण्यांत घालविला. परंतु मोठ्या माणसांना मीं स्वावलंबी होऊं दिलें नव्हतें.

दुसऱ्याच दिवशीं आणखी दोन किल्ल्या करवून घेतल्या. एक पोस्टमनांकडे दिली, दुसरी लेझीम शिकविणाऱ्या मुलीकडे. प्रत्येक कामाला एक बदली माणूस नेमलें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावयाचें आणि जमाखर्च सर्वांपुढें वाचावयाचा, असें ठरविलें. चुका झाल्याच. एकदां दिवे रात्रभर जळत राहिले. एकदां कॅरमच्या सोंगट्या हरवल्या. ज्याची चूक त्याला ती एकांतांत सांगावी आणि ज्याचें काम चांगलें त्याचें कौतुक चारचौघांत करावें, हें वळण मास्तरकीच्या जुन्या संवयीमुळें मला जड गेलें. पण तें लागलें.

पुढच्या उन्हाळ्यांत मी मुद्दाम १५ दिवस मुलीच्या गांवीं जाऊन राहिलों. परत आलों तों केंद्र नित्याप्रमाणें चालू होतें. मात्र वाचनाचें टेबल भिंतीपासून काढून खिडकीशीं लावलें होतें, आणि त्याविषयीं मला कोणी विचारलें नव्हतें. क्षणभर मनाला लागलें. मग पाहिलें तों तेथें उजेड खरोखरच अधिक होता.

श्रोतेहो, आपल्यापैकीं जे कोणी वाचनालय, तालीम किंवा क्रीडामंडळ चालवीत असतील, त्यांनीं माणसें मिळत नाहींत असें म्हणण्यापूर्वीं आपण त्यांना नेमकें काम दिलें आहे काय, हें पाहावें. आणि आज रात्रीं निजण्यापूर्वीं एवढें मोजावें कीं, आपल्या संस्थेची किल्ली किती जणांपाशीं आहे.